व्हान रीड, हेन्ड्रिक आद्रियान

व्हान रीड, हेन्ड्रिक आद्रियान : (१३ एप्रिल १६३६–१५ डिसेंबर १६९१). डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधील कमांडर, म्हणजे तिथल्या डच मुलखाचा प्रमुख. पुढे कंपनीच्या पूर्वेकडील कारभाराची झाडाझडती घेणारा कमिशनर-जनरल. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ त्याच्या नावावर आहे. त्यातले ज्ञान मात्र बरेचसे स्थानिक वैद्यांचे होते आणि तसा दाखला खुद्द ग्रंथातच छापलेला आहे.

जन्म अ‍ॅमस्टरडॅमचा. घराणे उत्रेख्त प्रांतातले, सरदारी. आईवडील लवकर वारल्याने विद्यापीठाचे शिक्षण झाले नाही. चौदाव्या वर्षी त्याने घर सोडले आणि १६५६ साली तो कंपनीच्या फौजेत साधा शिपाई म्हणून दाखल झाला. पूर्वेकडे निघाला तेव्हा पुढे दक्षिण आफ्रिकेतील केपचा गव्हर्नर झालेला योहान बाक्स त्याच्यासोबत होता.

मलबार किनाऱ्यावर पोर्तुगीजांची सद्दी मोडण्याची मोहीम रायक्लोफ व्हान गुन्स या सेनानीने १६६१ ते १६६३ या काळात चालवली. व्हान रीड तिच्यात होता. फेब्रुवारी १६६२ मध्ये कोचीलगतच्या मट्टनचेरीच्या राजवाड्यावर हल्ला झाला. पोर्तुगीजांच्या बाजूचे राजपुत्र तिथे मारले गेले आणि वृद्ध राणी गंगाधरलक्ष्मी व्हान रीडच्या हाती जिवंत सापडली. कोची शहर मात्र त्या खेपेला पडले नाही. ते जानेवारी १६६३ मध्ये डचांकडे आले. त्यांनी वीर केरळ वर्मा याला गादीवर बसवले. त्याच्या मस्तकी चढवलेल्या मुकुटावर कंपनीचे चिन्ह होते, यावरून कोचीत खरी सत्ता कोणाची हे ओळखता येते. राजदरबारात कंपनीचा माणूस म्हणून व्हान रीडची नेमणूक झाली. नायर सरदार, देवस्थाने, मिरीचे दलाल आणि राजघराण्यातल्या भाऊबंदकीची गुंतागुंत त्याला कळली ती या काळात. पुढे काही वर्षे तो श्रीलंकेत होता.

१६७० मध्ये तो मलबारचा कमांडर झाला आणि १६७७ पर्यंत त्या पदावर राहिला. कंपनीला मलबारकडून हवी होती मिरी, तीही ठरवलेल्या भावात आणि दुसऱ्या कोणाला न मिळता. राजांशी करार, समुद्रावर पहारा, परवान्याविना निघालेले जहाज जप्त, अशी त्याची रीत होती. तरीही घाटवाटांनी बैलांच्या पाठीवरून माल पलीकडे जायचा तो जायचाच. या बाबतीत व्हान रीडचे जुन्या वरिष्ठाशी, व्हान गुन्सशी बिनसले. कोलंबो ही पूर्वेकडील डच सत्तेची राजधानी व्हावी आणि मलबार तिच्या ताब्यात राहावा, असा व्हान गुन्सचा आग्रह होता. दंडुक्यावर त्याचा विश्वास होता. स्थानिक राजांना सांभाळून घेतले तर खर्चही कमी आणि मालही जास्त, हे व्हान रीडचे मत. याला उदारपणा समजण्याचे कारण नाही. मक्तेदारी दोघांनाही हवी होती, वाद फक्त मार्गाचा होता.

ग्रंथाची कल्पना या भांडणाशी अगदीच असंबद्ध नव्हती. मलबारची भूमी श्रीलंकेपेक्षा कमी मोलाची नाही, हे वनस्पतींच्या साक्षीने दाखवता येत होते. शिवाय कंपनीच्या दवाखान्यांसाठी युरोपातून येणारी औषधे वाटेत निकामी होत आणि त्यांतली कित्येक मुळात पूर्वेकडूनच तिकडे गेलेली असत. तीच झाडे हाताशी असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला, असा व्यवहारी प्रश्न कमांडरला पडला. झाडांची आवड त्याला होतीच. जंगलातून जाताना पाहिलेल्या वृक्षवेलींचे वर्णन त्याने प्रस्तावनेत मोठ्या आस्थेने केले आहे.

सुरुवातीला त्याला मातेउस दि सान ज्युसेप्पे या इटालियन कार्मेलाइट धर्मगुरूची मदत झाली. त्याने काढलेली चित्रे आणि टिपणे मात्र तितकीशी उपयोगी पडेनात. मग व्हान रीडने सरकारी यंत्रणाच कामाला लावली. झाडे ओळखणारी माणसे रानात पाठवली जात. ती पाने, फुले, फळे घेऊन येत आणि चित्रकार ताज्या नमुन्यावरून रेखाटने करीत. वैद्य प्रत्येक झाडाचे नाव आणि गुण सांगत. तोंडी माहिती मल्याळममध्ये लिहिली जाई, तिचे पोर्तुगीज भाषांतर एमानुएल कार्नेरो हा कंपनीचा दुभाषी करी आणि योहानेस कासेआरियुस हा डच पाद्री त्यावरून लॅटिन मजकूर तयार करी. हा कासेआरियुस म्हणजे तरुणपणी तत्त्वज्ञ स्पिनोझाकडे शिकलेला विद्यार्थी. तीन भाषांच्या गाळणीतून जाताना काय गळले असेल, याचा अंदाजच करावा लागतो.

मुख्य माहितगार इट्टी अच्युतन. आजच्या आलप्पुळा जिल्ह्यातील कडक्करप्पळ्ळी इथला हा ईळव जातीचा वैद्य. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पोथ्यांतली माहिती त्याने सांगितली. त्याचे प्रमाणपत्र २० एप्रिल १६७५ या तारखेचे असून ते कोलेळुत्तु लिपीत पहिल्या खंडात छापले आहे. जातिव्यवस्थेत खालच्या मानल्या गेलेल्या वैद्याची सही इतक्या मानाने छापली जाणे हे त्या काळात, तिथेच काय पण युरोपातही, विरळाच.

त्याच खंडात दुसरे प्रमाणपत्र आहे आणि ते मराठी वाचकाला भाषांतराविना बरेचसे लागते. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांनी ते कोकणीत, नागरी लिपीत लिहून दिले आहे. गोव्यातील पोर्तुगीज धर्मांतराच्या धास्तीने सोळाव्या शतकात दक्षिणेकडे उतरलेल्या सारस्वतांपैकी अनेक कुटुंबे कोचीत स्थिरावली होती. हे तिघे त्या समाजातले. कोचीच्या व्यापारात या समाजाचे वजन होते आणि डचांनी त्याला संरक्षण दिले होते. ‘महानिघंटु’ या संस्कृत ग्रंथाच्या आधारे त्यांनी माहिती दिली. म्हणजे एका बाजूला ईळव वैद्याची घरची परंपरा आणि दुसऱ्या बाजूला भटांची पोथी, अशा दोन्ही विद्या एका ग्रंथात आल्या. दोहोंत कुठे मतभेद झाला असेल, तर लॅटिन मजकुरात त्याचा फारसा पत्ता लागत नाही.

पहिला खंड १६७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला निघाला, बारावा १६९३ मध्ये. सुमारे ७४० वनस्पती आणि ७९० च्या वर ताम्रपट चित्रे, तीही बहुधा दुहेरी पानभर. पहिला मान माडाला दिला आहे. चित्रांच्या कोपऱ्यात रोमन, मल्याळम आणि अरबी लिपींत, तर अनेक ठिकाणी नागरीतही नावे कोरलेली आढळतात. मल्याळम अक्षरे छापील पानावर पहिल्यांदा उमटली ती याच ग्रंथात. मुखपृष्ठावरील चित्रही पाहण्यासारखे आहे : मंडपाखाली बसलेल्या वनस्पतिविद्येच्या देवीपुढे मलबारी माणसे गुडघे टेकून रोपांच्या कुंड्या अर्पण करीत आहेत. आत प्रमाणपत्रांतून दिलेला मान चित्रकाराने दारातच काढून घेतला, असे म्हणायला हरकत नाही. तिसरा खंड कोचीच्या राजाला अर्पण केलेला आहे. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने आपल्या कामासाठी भरवशाच्या मानलेल्या मोजक्या ग्रंथांत याला स्थान दिले. कित्येक भारतीय वनस्पतींची शास्त्रीय ओळख या चित्रांवरूनच ठरली.

१६७७ मध्ये मलबार सोडून व्हान रीड बटाव्हियामार्गे १६७८ साली मायदेशी परतला. मायड्रेख्तची जहागीर घेऊन तो उत्रेख्तच्या सरदारवर्गात बसला. १६८४ मध्ये कंपनीच्या सतरा संचालकांनी त्याला कमिशनर-जनरल नेमले. केप, श्रीलंका आणि हिंदुस्थानातील वखारींत नोकरांचा खाजगी व्यापार, खोटे हिशेब आणि लाचखोरी बोकाळली होती; ती मोडण्याचे काम त्याच्याकडे आले.

१६८५ मध्ये तो केपला काही महिने होता. तिथल्या गुलामांबद्दल त्याने नियम घातले : युरोपीय बापाच्या मुलांना ठरावीक वयानंतर मुक्ती, मुलांसाठी शाळा, पण युरोपियनांनी अस्सल गुलाम स्त्रियांशी लग्न करण्यास बंदी. गुलामगिरीला त्याने हात लावला नाही, तिची फक्त घडी बसवली. केपचा तत्कालीन प्रमुख सिमोन व्हान देर स्टेल याला त्याने जमीन दिली, तीच पुढे कॉन्स्टान्शिया या द्राक्षमळ्याच्या नावाने प्रसिद्ध झाली. केपमधील ड्राकेनस्टाइन या वसाहतीला त्याच्याच घराण्याचे नाव आहे. पुढे श्रीलंका, बंगाल, कोरोमंडल असा त्याचा दौरा चालला. अनेक अधिकारी घरी बसले. कोरोमंडलचे मुख्य ठाणे पुलिकतहून नागपट्टणला हलले. कंपनीतला भ्रष्टाचार मात्र त्याच्या पश्चातही पूर्वीसारखाच चालू राहिला.

१६९१ च्या अखेरीस तो कोचीहून सुरतेला निघाला. वाटेत, मुंबईच्या आसपास समुद्रात, जहाजावरच त्याचा मृत्यू झाला. विषप्रयोगाची कुजबुज झाली. शत्रू इतके केल्यावर ती होणारच. तो अविवाहित होता. वारस म्हणून दत्तक मुलगी फ्रान्सिना मागे राहिली. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची समाधी आहे : खांबांचे सज्जे आणि वर दुहेरी घुमट. इंग्रजांच्या दफनभूमीतील ऑक्झेंडन बंधूंच्या कबरीवर मात करायची या ईर्षेने ती बांधली, असे सांगतात. वास्तूचे वळण मुसलमानी मकबऱ्याचे. आत एके काळी भिंतीवर चित्रे आणि बायबलमधील वचने होती.

होर्तुसचे पूर्ण इंग्रजी भाषांतर व्हायला सव्वातीनशे वर्षे लागली. कालिकतचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी त्यावर कित्येक दशके घालवली आणि केरळ विद्यापीठाने ते २००३ मध्ये, मल्याळम भाषांतर २००८ मध्ये प्रसिद्ध केले. व्हान रीडच्या नावाने ठेवलेली ‘ऱ्हीडिया’ ही प्रजाती आता गार्सिनिया या प्रजातीत, म्हणजे आपल्या कोकमाच्या भाऊबंदांत, विलीन झाली आहे. अच्युतनच्या नावावरूनही ‘अच्युडेमिया’ हे प्रजातीचे नाव ठेवले गेले.