पिस्तुलाच्या जागी मतपत्रिका

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

सिनेमाचं पोस्टर म्हणजे चार दिवसांचं पाहुणं. सिनेमा उतरला की तेही उतरतं, नाहीतर त्याच्या डोक्यावर दुसरं चिकटतं. आज मात्र ज्या पोस्टरविषयी बोलणार आहे, ते भिंतीवर लागलं तेव्हा मूळ सिनेमाला सदतीस वर्षं झाली होती. आणि लावणाऱ्यांना एकही तिकीट विकायचं नव्हतं.

दिवस होता ४ जून १९८९, रविवार. गाव वॉर्सा, पोलंडची राजधानी. पोस्टरवर हॉलिवूडचा नट गॅरी कूपर समोरून चालत येतोय. डोक्यावर हॅट, छातीवर बिल्ला, चेहरा गंभीर. उजव्या हातात पिस्तूल असायला हवं, तिथं घडी घातलेली मतपत्रिका. मार्शलच्या बिल्ल्याच्या जरा वर दुसरा एक बिल्ला आहे, ‘सॉलिडॅरिटी’चा. मागे तीच अक्षरं लाल रंगात मोठी लिहिलेली, आणि खाली एवढंच: ऐन मध्यान्ही, ४ जून १९८९. ‘ऐन मध्यान्ही’ हे ‘हाय नून’ या सिनेमाचं पोलिश नाव. त्या दिवशी पोलंडमध्ये मतदान होतं.

मला सिनेमाचं वेड लहानपणापासूनचं. ईदीचे पैसे खिशात घेऊन थिएटरसमोर उभं राहिलं की तिकिटाच्या खिडकीआधी नजर पोस्टरवर जायची. पुढे आवड बदलली. मारामाऱ्या, गाणी, बर्फातले नाच यांच्यापेक्षा एक खोली, एक दुपार आणि दहाबारा माणसं एवढ्यावर ज्याला प्रेक्षकाचा श्वास रोखून धरता येतो, तो सिनेमा मला मोठा वाटू लागला. बासू चटर्जी यांचा ‘एक रुका हुआ फैसला’ पुष्कळांनी पाहिला असेल. तो १९८६चा. त्याचं मूळ सिडनी ल्युमेट यांचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, १९५७चा. बारा माणसं एका खोलीत बसून एका पोराच्या जिवाचा निकाल लावतात. ल्युमेट यांनी कॅमेरा हळूहळू खाली आणला आणि भिंगं बदलत नेली. त्यामुळे शेवटाकडे येता येता ती खोली आपल्याच अंगावर येते. ताण हा असा तयार करावा लागतो. नुसतं पार्श्वसंगीत वाजवून तो येत नाही.

‘हाय नून’ याच जातीचा. फ्रेड झिनेमान यांनी दिग्दर्शित केलेला, १९५२चा, अवघ्या पंचाऐंशी मिनिटांचा. गोष्ट दोन ओळींत सांगता येते. विल केन हा मार्शल नोकरी सोडून नुकताच लग्नाच्या बोहल्यावरून उतरलाय. त्यानं तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि बाराच्या गाडीनं येतोय. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर वाट बघताहेत. आपल्याकडे ‘बारा वाजले’ म्हणतात ते त्या गावाला अक्षरशः लागू होतं. सिनेमातली वेळ आणि आपल्या मनगटावरची वेळ जवळपास बरोबरीनं चालते, आणि झिनेमान सारखी भिंतीवरची घड्याळं दाखवत राहतात.

खरा ताण मात्र घड्याळात नाही, तो दारांमध्ये आहे. केन मदत मागत दारोदार फिरतो. न्यायाधीश भिंतीवरचा झेंडा उतरवतो, घडी घालतो आणि घोड्यावर बसून चालता होतो. एक जवळचा मित्र आत लपतो आणि बायकोला दारात पाठवून ‘घरी नाहीत’ म्हणून सांगायला लावतो. चर्चमध्ये गावचा पुढारी केनची तोंडभर स्तुती करतो आणि शेवटी त्यालाच सल्ला देतो, तू गाव सोड, गावाचं भलं होईल. स्तुती करून माणसाला एकटं पाडण्याची ही रीत आपल्याला काही नवी नाही. मदतीला तयार होतात ते एक चौदा वर्षांचा पोरगा आणि एक डोळा गमावलेला दारुडा. त्या दोघांना केनच परत पाठवतो.

ही पटकथा कार्ल फोरमन यांनी लिहिली त्या काळात अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध चालू होती. संसदेची एक समिती हॉलिवूडच्या मंडळींना बोलावून विचारी, तुमच्याबरोबर आणखी कोण कोण होते? नावं सांगणारा सुटे, न सांगणाऱ्याचं काम बंद होई. फोरमन एके काळी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. चित्रीकरण चालू असतानाच, सप्टेंबर १९५१मध्ये, ते समितीपुढे उभे राहिले आणि त्यांनी नावं सांगायला नकार दिला. कालपर्यंतचे मित्र रस्त्यात तोंड फिरवू लागले. निर्माता स्टॅनली क्रेमर यांच्याशी असलेली भागीदारी तुटली. सिनेमातली काही वाक्यं आपण त्या दिवसांत प्रत्यक्ष ऐकलेली होती, असं फोरमन पुढे सांगत. अखेर ते इंग्लंडला निघून गेले. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ लिहिणाऱ्यांत ते होते, पण पडद्यावर त्यांचं नाव नव्हतं. त्याचं ऑस्कर त्यांच्या नावे झालं ते मृत्यूनंतर.

गॅरी कूपर विचारांनी उजवे, कम्युनिस्टविरोधी. तरी त्यांनी फोरमन यांची पाठराखण केली. माणसाला पक्षाच्या पलीकडे ओळखणं कूपर यांना जमलं, म्हणून मला त्यांचा चेहरा त्या पोस्टरवर शोभतो. वय पन्नास, तब्येत बिघडलेली, चेहऱ्यावर थकवा, आणि तो लपवायचा झिनेमान यांनी मुळीच प्रयत्न केला नाही. आकाशही पांढरंफटक ठेवलं, जुन्या बातमीपटासारखं. कूपर यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं.

सिनेमाचं गंमतशीर नशीब असं की सगळ्यांनी त्याला दुसऱ्याच्या बाजूचा ठरवलं. जॉन वेन यांना तो अमेरिकाविरोधी वाटला. त्याला उत्तर म्हणून हॉवर्ड हॉक्स यांनी वेन यांना घेऊन १९५९मध्ये ‘रिओ ब्राव्हो’ काढला. तिकडे सोव्हिएत टीकाकार म्हणाले, हे तर एकट्या व्यक्तीचं उदात्तीकरण. दोन्ही छावण्यांना एकच सिनेमा खुपावा, यात त्याची ताकद आहे.

आता पोलंडकडे वळू. पोलंड म्हटलं की कोल्हापूरकरांना वळिवडे आठवेल. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ पासून काही वर्षं तिथल्या छावणीत राहिले होते. त्यांच्या मायदेशात युद्ध संपलं तेव्हा वॉर्सा म्हणजे विटामातीचा ढिगारा होता. त्या पडक्या भिंतींवर रंग आला तो सिनेमाच्या पोस्टरांनी.

सिनेमाचं वितरण सरकारच्या हाती गेलं होतं. सरकारी संस्थेनं हेन्रिक तोमाशेव्स्की वगैरे चित्रकारांना पोस्टरं करायला बोलावलं. चित्रकारांनी पोस्टर आपल्या मनासारखं करण्याची मोकळीक मागितली आणि ती त्यांना बरीचशी मिळाली. तिकीटविक्रीची चुरस नव्हती, त्यामुळे नटनट्यांचे गोड चेहरे छापायची सक्तीही नव्हती. १९४८मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय पोस्टर प्रदर्शनात तोमाशेव्स्कींना पाच पहिली बक्षिसं मिळाली. पुढे परदेशी सिनेमांचीही पोस्टरं तिथं नव्यानं, आपल्या नजरेनं काढण्याचा रिवाज पडला. हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’साठी रोमान चेश्लेविच यांनी १९६३मध्ये एक कवटी काढली, कपाळावर एकात एक फिरणारी वर्तुळं. ना नायक, ना नायिका. ‘कॅबरे’साठी विक्तोर गुर्का यांनी १९७३मध्ये नर्तकीच्या पायांचंच नाझी स्वस्तिक केलं, मधोमध चेहरा. ते पाहिल्यावर सिनेमात नाच किती आणि भीती किती, हे वेगळं सांगावं लागत नाही. सेन्सॉरची कात्री सगळीकडे चालत असताना या कागदांत एवढी हवा खेळती राहिली, हे नवलच. १९६८मध्ये वॉर्सातल्या विलानूफ इथं खास पोस्टरांचं संग्रहालय उघडलं.

आपल्याकडचं पोस्टर वेगळ्या घराण्याचं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरत होते. ‘दीवार’सारख्या सिनेमांची पोस्टरं करणाऱ्या दिवाकर करकरे यांच्या ब्रशाचे फटकारे आजही ओळखू येतात. ही सगळी चेहऱ्याची कला: डोळ्यांत आग, गालावर निळी-लाल छटा. मला ती प्रिय आहे. सत्यजित राय आपल्या सिनेमांची पोस्टरं अक्षरांच्या वळणांतून उभी करत, ती वाट निराळी. पण सिनेमातलं एकही दृश्य न दाखवता त्याचा गाभा एका चिन्हात पकडायचा, असा रिवाज साऱ्या देशभर पडलेला मला पोलंडमध्येच दिसतो. कवीला असल्या गोष्टीचा हेवा वाटतो. आम्ही चौदा ओळींत जे शोधतो ते हे लोक एका कवटीत सांगून मोकळे.

‘हाय नून’ पोलंडमध्ये लागला तेव्हाचं, १९५९चं पोस्टर मारियान स्ताखुर्स्की यांचं. तीस वर्षांनी तोमाश सार्नेत्स्की या वॉर्साच्या तरुण कलाविद्यार्थ्यानं तेच हाती घेतलं.

मधल्या काळात काय घडलं ते थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९८०मध्ये ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यात संप झाला आणि त्यातून ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. डिसेंबर १९८१मध्ये लष्करी कायदा लागू झाला, पुढारी तुरुंगात गेले, संघटनेवर बंदी आली. १९८९च्या वसंतात सरकार चर्चेला बसलं आणि निवडणूक ठरली, पण अर्धीमुर्धी. खालच्या सभागृहातल्या ४६० जागांपैकी फक्त १६१ जागांवर खुली लढत, वरच्या सभागृहाच्या मात्र सगळ्या शंभर. सॉलिडॅरिटीच्या हाती प्रचाराला उणेपुरे दोन महिने होते.

सार्नेत्स्कीनं केलं ते इतकंच की हातातली वस्तू बदलली आणि बिल्ला चढवला. सिनेमातल्या माणसाकडे पिस्तूल आहे, कारण त्याच्याजवळ माणसं नाहीत. इथं पिस्तूल गेलं. मतपत्रिका तर एकट्यानं चालवायचं हत्यारच नव्हे. आणि कूपरच्या पाठीमागची ती लाल अक्षरं पाहा. ती १९८०च्या संपात येझी यानिशेव्स्की या चित्रकारानं काढली होती. गर्दीत माणसं एकमेकांच्या खांद्याला टेकून उभी राहतात, तशी ती एकमेकांना रेलून आहेत. सिनेमात केनच्या पाठीमागे रिकामा रस्ता होता. पोस्टरवर त्या रस्त्यात गर्दी भरली. सिनेमातलं गाव आलं नव्हतं; पोस्टर दुसऱ्या एका गावाला विचारत होतं, तुम्ही येणार का?

कम्युनिस्टांच्या दृष्टीनं घोड्यावरचा अमेरिकन म्हणजे टिंगलीचा विषय. लेक वालेसा यांनी रोनाल्ड रीगन यांच्या निधनानंतर २००४मध्ये लिहिलेल्या लेखात या पोस्टरची आठवण काढली. सत्ताधाऱ्यांना ते कळलंच नाही, लोकांना मात्र त्या वेषात न्यायासाठी लढणारा माणूस दिसला, असा त्यांचा आशय होता. मला यात आणखी एक गाठ दिसते. ज्या लेखकाला अमेरिकेनं कम्युनिस्ट म्हणून बाहेर घालवलं, त्याचा नायक कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध मतं मागत होता. झिनेमान यांचा जन्मही आजच्या पोलंडमधल्या झेशूफचा, जरी ते स्वतः व्हिएन्ना सांगत.

निकाल लागला तेव्हा खुल्या १६१ जागांपैकी १६० पहिल्याच फेरीत सॉलिडॅरिटीच्या, दुसऱ्या फेरीनंतर सगळ्याच. वरच्या सभागृहात शंभरपैकी नव्व्याण्णव. ऑगस्टमध्ये तादेऊश माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले. पुढे वर्षअखेरपर्यंत पूर्व युरोपात एकेक सरकार कोसळत गेलं. हे सगळं एका पोस्टरनं केलं असं म्हणणारा मी भाबडा नाही. मतदान ६२ टक्के झालं होतं. म्हणजे त्याही दिवशी शंभरातले अडतीस घरीच राहिले. इतक्या वर्षांनी मिळालेल्या संधीलाही दारं बंद होती, हे मला विजयाच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या आठवड्यातल्या पेपरात वॉर्सा फारसं ठळक नव्हतं. त्याच ४ जूनच्या पहाटे बीजिंगमध्ये तिआनआनमेन चौकाभोवती रणगाडे आणि बंदुका चालल्या होत्या. पहिल्या पानावर ते. मतपत्रिका आणि रणगाडा, एकाच तारखेला. कुठल्या चौकात काय होईल हे आदल्या रात्री कुणालाच सांगता आलं नसतं. म्हणून त्या पोस्टरकडे आज नुसतं कौतुकानं पाहणं सोपं आहे. त्या सकाळी ते भिंतीला चिकटवणाऱ्याच्या हाताला खळीबरोबर भीतीही लागली असणार.

या पोस्टरची एक कमतरता मात्र सांगितली पाहिजे. सान्या इवेकोविच या क्रोएशियाच्या चित्रकर्तीनं २००९मध्ये तेच पोस्टर पुन्हा घेतलं आणि कूपरच्या जागी एका स्त्रीची छायाकृती उभी केली. नाव दिलं, सॉलिडॅरिटीच्या अदृश्य स्त्रिया. ग्दान्स्कचा तो संप पेटला होता आन्ना वालेन्तिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईला कामावरून काढलं म्हणून. पुढारी तुरुंगात असताना गुप्त छापखाने आणि पत्रकं चालवण्यात बायकांचा मोठा हात होता. पोस्टरवर मात्र पुरुष, तोही परका.

आणि सिनेमा पुन्हा पाहिलात तर एक गोष्ट ध्यानात येईल. गावातलं कुणीही येत नाही हे खरं, पण एक माणूस येतं. केनची नवी नवरी, ॲमी, म्हणजे ग्रेस केली. ती क्वेकर पंथाची, हिंसेला ठाम नकार देणारी. बाप आणि भाऊ दोघेही गोळीला बळी पडलेले. नवऱ्याला सोडून ती गाडीत जाऊन बसलीय. पहिली गोळी ऐकू येते आणि ती उतरून धावत सुटते. ऐन वेळी खिडकीतून पिस्तूल चालवते ती हीच. शेवटी केन आपला बिल्ला धुळीत टाकतो, गर्दीकडे एक नजर टाकतो आणि दोघं गाडीत बसून निघून जातात. लगाम त्याच्या हाती आहे, ॲमी शेजारी बसलीय, आणि आता रस्त्यावर सगळं गाव जमलेलं आहे.