कवचाची वंशावळ

इतिहास म्हटला की ताम्रपट, शिलालेख, जुनी दप्तरे डोळ्यांपुढे उभी राहतात. पण ज्याच्या अस्थी नाहीत आणि ज्याने दगडावर ठसाही ठेवला नाही, त्या विषाणूचा इतिहास लिहावयाचा कसा? याच प्रश्नाकडे आज आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो.

१८९२ साली रशियात इव्हानोव्हस्की यांनी रोगट तंबाखूचा रस जंतूही अडकून पडतील अशा चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. तरीही तो रोग देतच राहिला. १८९८ साली हॉलंडात बायेरिंक यांनी हे रोगाचे निराळेच कारण असल्याचे प्रतिपादन केले. १९३५ साली अमेरिकेत स्टॅन्ली यांनी या विषाणूचे स्फटिक मिळविले. पुढे १९५५ साली फ्रेंकेल-कॉनरात व विल्यम्स यांनी त्याचे न्यूक्लिइक आम्ल व प्रथिन वेगळे करून पुन्हा एकत्र आणले, आणि विषाणू पुन्हा रोग देऊ लागला. आत हुकूमनामा, बाहेर कवच. एवढाच त्याचा संसार.

हे कवच सुमारे २,१३० तुकड्यांचे आहे आणि सारे तुकडे एकाच साच्याचे आहेत. प्रत्येक तुकडा निराळा असता तर हुकूमनाम्याला दहा लाखांहून अधिक अक्षरे लागली असती. प्रत्यक्षात ती ६,४०० च्या आसपास आहेत. गरिबाने काटकसरीने घर बांधावे, तसाच हा प्रकार. लहान विषाणू एकसारखेच तुकडे वापरीत असले पाहिजेत, हे क्रिक व वॉट्सन यांनी १९५६ साली मांडले. गोलसर विषाणूंत हे तुकडे वीस त्रिकोणी पृष्ठांच्या आकृतीत कसे बसतात, ते कास्पर व क्लूग यांनी १९६२ साली दाखविले.

येथेच इतिहासाचा धागा हाती लागतो. प्रथिनाची अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या बदलतात, पण त्याची घडी फार काळ टिकते. माणसाचा घसा धरणाऱ्या ॲडेनोव्हायरसच्या आणि जीवाणूंना ग्रासणाऱ्या पीआरडी-१ या विषाणूच्या कवचप्रथिनांत अक्षरांचे साम्य दिसत नाही. पण घडी एकच, असे १९९९ साली आढळले. २००४ साली अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतील आर्किआ नामक सूक्ष्मजीवांच्या विषाणूतही तीच घडी सापडली. जीवसृष्टीच्या तीनही शाखांत एकच घडी! तेव्हा या घराण्याचा मूळपुरुष अतिप्राचीन असावा, असे अनुमान निघते.

मग हे कवच आले कोठून? क्रुपोविच व कूनिन यांनी २०१७ साली मांडले की, कवचप्रथिने पेशींच्याच कामकरी प्रथिनांपासून, आणि तीही एकदाच नव्हे तर अनेकदा, उपजली असावीत. साखरेचे रेणू धरून ठेवणाऱ्या काही पेशीप्रथिनांची घडी कित्येक कवचांशी जुळते. स्वतःच्या प्रती काढण्याची विद्या त्याहून जुनी, अंगरखा मात्र यजमानाच्या घरचा!

हा शेवटचा निवाडा नव्हे, अनुमान आहे. परंतु ते खरे ठरले तर विषाणू हा बाहेरून आलेला लुटारू राहत नाही. तो आपल्याच घरातून फुटलेला भाऊबंद ठरतो. आणि भाऊबंदाची रीत ठाऊक असली की भांडण निभावता येते. २००६ साली वापरात आलेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणारी लस हेच सांगते. तिच्यात विषाणूचे रिकामे कवच आहे. आत हुकूमनामा नाही. ते पाहूनच शरीर शत्रूला ओळखावयास शिकते. ज्या कवचाने विषाणू तगला, तेच आज आपले रक्षण करीत आहे.