२८ नोव्हेंबर : ‘आयआर ८’ भाताची घोषणा
फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आजच्या दिवशी ‘आयआर ८’ हे वाण जाहीर केले. इंडोनेशियातील उंच ‘पेटा’ आणि तैवानातील ठेंगणे ‘डी-जिओ-वू-जेन’ यांच्या संकरातून निपजलेले हे भात, खताची मात्रा वाढविली तरी लोंब्यांच्या भाराने न लोळता ताठ उभे राही व सुमारे १३० दिवसांत पक्व होई; दुष्काळाच्या छायेतील आशियाई रयतेस त्याचा आधार वाटला, आणि तो यथार्थच होता. तथापि तपकिरी तुडतुडे व टुंग्रो रोग यांस ते सहज बळी पडे; फवारणी बेसुमार वाढली, मित्रकीटक नष्ट झाले, आणि फवारणाऱ्यांच्या प्रकृतीस पोहोचलेली इजा याच संस्थेच्या संशोधकांनी पुढे निर्भीडपणे नोंदविली, हे विशेष गौरवास्पद होय. इंडोनेशियाने १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांस मनाई करणारा हुकूम काढला.