दोउशांतुओ : खताच्या खडकातील भ्रूण

दक्षिण चीनमधील ग्वेइचौ प्रांतात वेंगआन परिसरातील खाणींतून फॉस्फेटयुक्त खडक काढला जातो. त्याचे खत होते. मात्र याच खडकात सुमारे 60 कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म जीवांचे अवशेष पेशींच्या रचनेसह टिकून आहेत. भूशास्त्रात हा थर ‘दोउशांतुओ शैलसमूह’ म्हणून ओळखला जातो.

पृथ्वीचा बहुतांश भाग हिमाच्छादित करणारे एक दीर्घ हिमयुग सुमारे 63.5 कोटी वर्षांपूर्वी संपले. त्या हिमनिक्षेपांवर उथळ समुद्रात हा गाळ साचत गेला. एरवी मृत जीवाच्या मऊ पेशी थोड्याच काळात कुजून नाहीशा होतात. येथे मात्र कुजण्याआधीच कॅल्शियम फॉस्फेटने त्यांची जागा घेतली. खडकाचा तुकडा सौम्य अॅसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लात, ठेवला की भोवतालचा कार्बोनेट विरघळतो आणि फॉस्फेटचे इवलेसे गोलक मागे उरतात. त्यांतील बरेचसे मिलिमीटरभर आकाराचेही नसतात.

1998 मध्ये या गोलकांचे वर्णन प्राण्यांचे भ्रूण म्हणून प्रसिद्ध झाले आणि एकच खळबळ उडाली. कोठे दोन, कोठे चार, कोठे आठ पेशी. एकूण आकारमान मात्र तेवढेच. फलित अंड्याचे विभाजन असेच होते. तसे असेल, तर प्राणिसृष्टीचा आरंभ कँब्रियन कालखंडाच्या कितीतरी मागे जातो. परंतु 2007 मध्ये काही संशोधकांनी हे गंधकावर जगणारे महाकाय जिवाणू असावेत, असे मत मांडले. 2011 मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने गोलकांच्या अंतर्भागाचे चित्रण झाले. पेशीकेंद्रासारख्या रचना दिसल्याने जिवाणूंची कल्पना मागे पडली. पण हे प्राणी नसून एकपेशीय जीवांच्या गटातील असावेत, असा नवाच निष्कर्ष निघाला. 2019 मध्ये अभ्यासलेल्या ‘केव्हास्फीरा’ या जीवाश्मातील पेशींची मांडणी पुन्हा प्राण्यांच्या भ्रूणाकडे बोट दाखवते. वाद अद्याप मिटलेला नाही.

तो मिटवायचा तर अधिक नमुने हवेत, आणि नमुने ज्या थरात आहेत तोच थर खतासाठी फोडला जातो. अर्थात खाणी नसत्या, तर यातील कित्येक थर उघडेच पडले नसते. 2017 मध्ये जीवाश्मांची काही महत्त्वाची ठिकाणे खाणकामात नष्ट झाल्याचे शास्त्रज्ञांनी निदर्शनास आणले. त्यानंतर काही ठिकाणचे उत्खनन थांबवण्यात आले.