मंत्राविना निरोप

समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांची प्रेतयात्रा पुण्याने दोनदा पाहिली. पहिली सनातन्यांनी काढली, आगरकर हयात असताना. दुसरी खरी, जून १८९५ मधली. दम्याने पोखरलेले फर्ग्युसन महाविद्यालयाचे हे प्राचार्य गेले तेव्हा अवघे ३८ वर्षांचे होते. उशाशी एक पुडी सापडली, असं सांगतात. आत स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे. पत्नी यशोदाबाईंवर कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून केलेली तजवीज. परलोकाची फिकीर नसलेल्या माणसाने मागे राहणाऱ्यांची केवढी बारकाईने केली होती!

पण पैशाने सगळं भागत नाही. तिरडी बांधायला माणसं लागतात, आणि ती बहुधा भावकीतली. तिथे ‘दहावं-तेरावं नको’ म्हणणारी बाई एकटी पडे.

तिरडीचीच गरज उरू नये अशी सोय नंतर झाली. मुंबईच्या १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याने वैद्यकीय महाविद्यालयांना देह मिळण्याची वाट आखून दिली. पुढे विवेकवाद्यांनी देहदान आपलंसं केलं. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांनीही तेच ठरवलं होतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. शवविच्छेदन अटळ होतं, आणि त्यानंतर तो देह विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या उपयोगाचा राहिला नाही. मग साताऱ्यात, कोणत्याही धार्मिक विधीविना, चितेला अग्नी दिला तो मुलगी मुक्ताने, मुलगा हमीद असतानाही. राख त्यांच्या सेंद्रिय शेतात विखुरली. दाभोलकर ज्यासाठी झगडले तो जादूटोणाविरोधी वटहुकूम त्याच आठवड्यात निघाला.