'कल्पित' संख्या: चमत्कार, रूपक आणि अर्थ

उच्च गणितातील एखादी कृती अनभिज्ञ माणसास जादूसारखी वाटावी, यात नवल नाही. परंतु ती कृती करणाऱ्या गणितज्ञालाही तिचे मर्म उलगडू नये आणि तरीही उत्तर बिनचूक यावे, असे प्रसंग गणिताच्या इतिहासात घडले आहेत. ऋण संख्येच्या वर्गमुळाचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण होय.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणिता'त असा निर्णय दिला होता की, ऋण संख्या हा कोणत्याच संख्येचा वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही. हा निर्णय तर्कशुद्ध होता. सोळाव्या शतकात इटलीमध्ये मात्र गणितज्ञांपुढे हा प्रश्न वेगळ्याच वाटेने उभा राहिला. तेथे घन समीकरण सोडविण्याची रीत एखाद्या गुप्त मंत्राप्रमाणे जपली जात असे. तार्ताल्याने १५३९ मध्ये ती पद्यात गुंफून, गुप्ततेचे वचन घेऊन कार्दानोस सांगितली. कार्दानोने १५४५ मध्ये 'आर्स माग्ना' या ग्रंथात ती प्रसिद्ध केली. १० चे असे दोन भाग करावयाचे की त्यांचा गुणाकार ४० यावा, हा प्रश्नही त्याने त्याच ग्रंथात घेतला. ५ + √−१५ आणि ५ − √−१५ ही उत्तरे पडताळून पाहता बरोबर ठरतात. पण ती जितकी सूक्ष्म तितकीच निरुपयोगी, असा शेरा त्याने दिला.

त्यांचा उपयोग बोंबेल्लीने १५७२ मध्ये दाखविला. क्षचा घन १५क्ष + ४ एवढा असेल, तर क्ष = ४ हे उत्तर सहज पडताळता येते; रीतीने सोडवू गेल्यास मात्र वाटेत √−१२१ उभे राहते. २ + √−१२१ याचे घनमूळ २ + √−१ आहे, आणि २ − √−१२१ याचे २ − √−१, हे बोंबेल्लीने ओळखले. दोहोंची बेरीज करताच अशक्य पदे परस्परांस छेदून नाहीशी होतात व ४ उरतात. जे अस्तित्वात नाही त्याच्या आधाराने जे आहे ते हाती यावे, हा चमत्कारच वाटला असल्यास आश्चर्य नाही.

अर्थ न कळलेल्या वस्तूला नाव देण्यासाठी मग रूपकाचा आश्रय घेतला गेला. देकार्तने १६३७ मध्ये या मुळांना 'कल्पित' म्हटले. लायब्निझने १७०२ मध्ये त्यांना सत् व असत् यांच्या सीमेवरील उभयचर जीवाची उपमा दिली. मराठी परिभाषेतील 'सदसत् संख्या' हा शब्दही याच कल्पनेच्या जवळ जातो.

पुढे वेसेलने १७९७ मध्ये डॅनिश अकादमीपुढे मांडलेल्या निबंधात आणि आर्गांने १८०६ मध्ये, स्वतंत्रपणे, या संख्यांना भूमितीत स्थान दिले. √−१ ने गुणणे म्हणजे प्रतलातील रेषेस काटकोनातून फिरविणे. तसे दोनदा फिरविले की दिशा उलटते, म्हणजेच −१ ने गुणल्यासारखे होते. जादू येथे संपली. १८३१ मध्ये गाउसने तर असे प्रतिपादन केले की, धन, ऋण व कल्पित या नावांऐवजी सरळ, उलट व पार्श्व अशी नावे दिली असती, तर या विषयाभोवतीचे गूढ निर्माणच झाले नसते.

गाउसचा हा आक्षेप महत्त्वाचा आहे. तथापि तो अर्धाच खरा मानावा लागेल. नावाने गूढ वाढविले, हे नाकारता येत नाही. पण कार्दानो व बोंबेल्ली यांच्यापाशी पार्श्व दिशेची कल्पनाच नव्हती. 'कल्पित' हे नाव पडण्यापूर्वीच ते गोंधळले होते. शिवाय 'पार्श्व' हेदेखील रूपकच आहे. भेद एवढाच की, पहिले रूपक आपले अज्ञान झाकते, तर दुसरे कृती दाखविते. गणितातील चमत्कार रूपक टाकून दिल्याने नव्हे, तर अधिक समर्पक रूपक लाभल्याने ओसरतो, हेच या अडीचशेहून अधिक वर्षांच्या इतिहासातून दिसून येते.