सर्व्हरच्या पोटातील पहारेकरी

सर्व्हर सहसा एकाएकी बंद पडत नाही. त्याआधी कधी एखाद्या पंख्याची गती मंदावलेली असते, कधी मेमरीतील किरकोळ चुका वाढत गेलेल्या असतात. वीजपुरवठ्याचे उदाहरण तर फारच बोलके आहे. मोठ्या सर्व्हरमध्ये पॉवर सप्लायचे दोन संच बसवलेले असतात. एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम विनासायास चालू राहते, आणि म्हणूनच बिघाड कोणाच्या ध्यानात येत नाही. काही आठवड्यांनी दुसराही संच जळाला, की सर्व्हर 'अचानक' बंद पडल्याची ओरड होते.

असा बिघाड दूरवरून वेळीच कळावा यासाठी सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक स्वतंत्र, छोटा संगणकच बसवलेला असतो. त्याचे नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, अर्थात बीएमसी. (मुंबईकरांनी गोंधळून जाऊ नये, या बीएमसीचा महापालिकेशी काही संबंध नाही.) त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि बहुधा नेटवर्कची स्वतंत्र जोडणीही असते. सर्व्हर बंद असला तरी त्याला वीज मिळत आहे तोवर हा जागा राहतो. त्यामुळे विंडोज वा लिनक्स कोलमडलेले असतानाही शेकडो किलोमीटरवरून तापमान, व्होल्टेज व पंख्यांची गती पाहता येते. सर्व्हर बंद-चालूही करता येतो. एचपीचा आयएलओ आणि डेलचा आयड्रॅक ही याचीच व्यापारी रूपे होत.

या पहारेकऱ्याशी बोलण्याची सामायिक भाषा इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ मध्ये निश्चित केली. तिचे नाव 'इंटेलिजंट प्लॅटफॉर्म मॅनेजमेंट इंटरफेस' ऊर्फ आयपीएमआय. तिची दुसरी आवृत्ती २००४ मध्ये आली.

बीएमसी जे पाहतो, ते 'सिस्टिम इव्हेंट लॉग' या नोंदवहीत लिहून ठेवतो. प्रत्येक नोंद अवघ्या १६ बाइटची. कोणत्या संवेदकाने, केव्हा, कोणती मर्यादा ओलांडली एवढाच तिचा मजकूर. ही वही सर्व्हरच्या हार्ड डिस्कवर नसल्याने डिस्क निकामी झाली तरी शाबूत राहते. मात्र तिची पाने मोजकी असतात. अनेक सर्व्हरमध्ये वही भरली की नव्या नोंदी सरळ नाकारल्या जातात. दोन वर्षांपूर्वीच्या क्षुल्लक इशाऱ्यांनी ती भरलेली असेल, तर ज्या रात्री खरा घात झाला त्या रात्रीचीच नोंद सापडत नाही. म्हणून नोंदी वेळोवेळी दुसऱ्या यंत्रावर उतरवून वही कोरी करणे आवश्यक ठरते. घड्याळाचेही तसेच. बीएमसीची वेळ लावलेली नसेल, तर कालचा बिघाड १ जानेवारी १९७० या दिवशी घडल्याचे दिसू शकते!

दूरवरून उघडणारे दार चोरालाही उघडता येते, ही या सोयीची दुसरी बाजू. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत एक गंभीर उणीव आहे. वापरकर्त्याचे नाव ठाऊक असलेल्या कोणालाही, त्याची ओळख पटण्यापूर्वीच, बीएमसी पासवर्डपासून तयार केलेला सांकेतिक अंश पाठवून देतो. त्यावरून दुबळा पासवर्ड निवांतपणे हुडकून काढता येतो. अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ डॅन फार्मर यांनी २०१३ मध्ये याकडे लक्ष वेधले. हा दोष मूळ रचनेतच असल्याने साध्या दुरुस्तीने तो जात नाही. त्यामुळे बीएमसीचे नेटवर्क वेगळे ठेवणे, ते इंटरनेटवर उघडे न सोडणे आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलणे, हाच उपाय उरतो.

२०१५ मध्ये 'रेडफिश' हे नवे मानक आले आणि नव्या सर्व्हरमध्ये ते रुळलेही. तथापि जुनी यंत्रे अनेक ठिकाणी वापरात आहेत. ती मोडीत काढताना डिस्क आठवणीने काढून घेतली जाते. बीएमसीच्या मेमरीतील पासवर्ड पुसण्याचे मात्र बहुधा राहूनच जाते.